उजव्या बाजूचा बोल्ट

तिसऱ्या दिवशी नट फिरला. पाव फेरासुद्धा नसेल, पण फिरला. पान्याच्या दांड्यात अडकवलेला दोन हात लांबीचा पाइप एकदम खाली बसला, आतून कट् असा कोरडा आवाज आला आणि हरिदासाच्या मनगटातून झिणझिणी खांद्यापर्यंत चढत गेली. तो गाडीखाली उताणा पडलेला होता. डोळ्यांत गंजाचा भुगा, पाठीखाली युरियाचं रिकामं पोतं. बोल्ट सुटला की तुटला, हे त्याला क्षणभर कळेना. खरं तर कळायला हवं होतं. तुटणाऱ्या बोल्टाचा आवाज हवेत जातो आणि सुटणाऱ्याचा लोखंडाच्या पोटात राहतो, हे श्रीपूरच्या साखर कारखान्यात पस्तीस वर्षं फिटरकी करताना त्याने हाताखालच्या किती जणांना ऐटीत सांगितलं होतं. आता वय त्रेसष्ट, कान जरा जड. त्याने पाइप पुन्हा वर घेतला, श्वास धरून हलकेच दाबला. नट आणखी थोडा फिरला. सुटला होता. त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याचा हात पाइपावर तसाच थांबला. सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नाही, त्यामुळे होत असेल, असं म्हणून त्याने ते बाजूला सारलं.

गाडी म्हणजे सत्त्याण्णव सालची पांढरी मारुती. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्याच्या दोन खोल्यांपुढे जेमतेम एक गाडी मावेल एवढं अंगण, त्यात ती निवृत्तीनंतर आली आणि ताडपत्रीखाली उभी राहिली ती राहिलीच. कारखान्याच्या कॉलनीतली राख आणि मळीची वाफ वर्षानुवर्षं खाऊन तिचं पोट गंजलं होतं. आता पुढचं उजवं चाक काढून ती लाकडी ठोकळ्यांवर चढवली होती, आणि चाकाला खालून धरून ठेवणारा जो आर्म असतो, त्याचा आतला बोल्ट काढायचं काम तीन दिवस चाललं होतं. पहिला दिवस डिझेल पाजण्यात गेला, दुसरा गंज सोडवायच्या स्प्रेत आणि हातोड्याच्या हलक्या ठोक्यांत. घाई केली की बोल्ट मान मोडून घेतो, हे त्याला ठाऊक होतं. डावी बाजू नऊ वर्षांपूर्वी अकलूजच्या एका गॅरेजात सगळी नवी झाली होती. उजवीला तेव्हापासून कुणाचा हात लागला नव्हता. नवे बोल्ट, आर्मच्या सांध्यात बसणारे नवे रबरी बुश कागदाच्या पुडीत पायरीवर तयार होते.

आज रविवार. दुपारच्या एसटीने मुलगा युवराज नातेपुत्याहून यायचा होता, आणि हरिदास त्याला गाडीची किल्ली देणार होता. किल्ली देणार म्हणजे माफ करणार होता. हा शब्द त्याने कुणापुढे उच्चारला नव्हता, पण महिनाभर तो मनात घोळवला होता. माफ करायला निघालेल्या माणसाच्या अंगात एक रुबाब येतो, तसा तो त्याच्या अंगात आला होता. काल त्याने कटिंग करून घेतलं, किल्लीला नवी दोरी बांधली, काय बोलायचं तेही ठरवलं. फार नाही बोलायचं. 'जे झालं ते झालं, आता चालव,' एवढंच. पोराला रडू येईल. येऊ दे. आपण त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. हात ठेवण्याची जागासुद्धा त्याने मनात नक्की केली होती, डाव्या खांद्याच्या जरा खाली.

भिंतीपलीकडून शिवप्पाचं डोकं वर आलं. या शेजाऱ्याचा जन्म चादरींच्या मागावर गेला, त्या खडखडाटात कान अर्धे गेले, म्हणून बोलणं नेहमी मोठ्याने.

"फिटर, काय करलालास? सुटला का न्हाई?"

"सुटलाय. येतोय हळूहळू."

"ल्योक येणार म्हणं आज. त्यालाच देणार न्हवं गाडी?"

"व्हय."

"दे की. लई झालं बाबा. नऊ वर्सं माणसानं किती धरून बसायचं."

गाडीखाली हरिदासाला ते आवडलं. शिवप्पासारख्या माणसाच्याही लक्षात आपला मोठेपणा आला, असं त्याला वाटलं. डोकं भिंतीमागे गेलं. अंगणात ऊन सरकत सरकत त्याच्या घोट्यांपर्यंत आलं होतं. त्याने पाइप बाजूला ठेवला. आता नुसत्या पान्याने काम होण्यासारखं होतं. पाव फेरा, पाना काढ, पुन्हा बसव, पाव फेरा. अशा कामात हात आपलं आपलं करत राहतात आणि डोकं मोकळं पडतं, आणि हरिदासाचं डोकं मोकळं पडलं की ते एकाच जागी जायचं. नऊ वर्षांपूर्वीचा जानेवारी. गळीत हंगाम ऐन भरात. नातेपुत्यात त्याच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं, हरिदासाची कारखान्यात दुसरी पाळी होती, म्हणून बायको विठाबाई आणि युवराज दोघंच या गाडीतून निघाले. विठाबाईने पहाटे उठून वाटेत खायला धपाटी केली, डब्यात भरली, वर मिरचीचा ठेचा ठेवला, आणि निघायच्या गडबडीत डबा ओट्यावरच विसरली. इतकी वर्षं नवऱ्याच्या विसराळूपणाचा पाढा वाचणारी बाई स्वतः डबा विसरली म्हणून त्याला हसू आलं होतं. संध्याकाळी आल्यावर चिडवायचं ठरवून त्याने अकराच्या सुमारास डबा उघडला. दोन धपाटी दह्याबरोबर खाल्ली. तिसरं हातात होतं तेव्हा गेटवरचा वॉचमन सायकल टाकून क्वार्टरच्या दारात आला, आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच हरिदासाच्या हातातला घास हातातच राहिला. माळशिरसच्या अलीकडे गाडी डावीकडे ओढली जाऊन लिंबाच्या झाडावर गेली होती. विठाबाई डावीकडेच बसली होती. युवराजच्या कपाळाला तीन टाके पडले, बाकी काही नाही.

तिसऱ्या दिवशी, सगळे पाहुणे बसलेले असताना, युवराज म्हणाला होता, "आबा, चाक आपोआप आत गेलं. स्टेरिंग ऐकंना झालं." सव्वीस वर्षांचं पोर, डोक्याला पांढरी पट्टी. आणि हरिदास म्हणाला होता, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "बोल्ट माज्या हातचं हायत. वाफ सोसत्यात माजं जॉइंट. चाक आपोआप आत जात न्हाय. झोपला हुतास तू." पोलिसांनाही त्याने तेच सांगितलं. स्वतःच्या मुलाविरुद्ध खरं बोलणारा बाप म्हणून कॉलनीत त्याच्याकडे लोक जरा वचकून बघू लागले, आणि दुःखाच्या त्या दिवसांत त्या वचकाचा त्याला आधारच झाला. पहिले काही महिने युवराज चाकाचंच म्हणत राहिला. मग बोलेनासा झाला. मग वर्षश्राद्धाला, पान वाढून झाल्यावर, म्हणाला, डोळा लागला असेल माझा. पुढे पुढे 'असेल'ही गळून गेलं. नातेपुत्यात बी-बियाणांच्या दुकानात लागला, लग्न झालं, मुलगी झाली, पण गाडीच्याच काय, स्कूटीच्याही हँडलला त्याने हात लावला नाही. सून ऋतुजा एकदा फोनवर म्हणाली होती, "आबा, हे एसटीतबी डोळं ताठ ठिवून बसत्यात. दुपारचं घरात घटकाभर आडवं व्हा म्हटलं तर उठून भायेर जात्यात." तेव्हा हरिदासाला वाईट वाटलं होतं, आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी थोडं समाधानही होतं. केलेल्या चुकीची शिक्षा होते आहे, पण मुकाट्याने भोगतो आहे, चांगल्या घरातलं पोर आहे, असं काहीसं.

नट आता बोटांनी फिरण्याइतका सैल झाला होता. हरिदासाने तारेच्या ब्रशने बोल्टाचं टोक घासलं. तांबडा भुगा छातीवर पडला. नटाच्या मागून बोल्टाच्या पेचाच्या आट्यांमधला लगदा बाहेर येऊ लागला, काळपट, ओलसर. गंजात डिझेल मुरलं की असा लगदा होतो. पण हा लगदा भुग्यासारखा पडेना, ओढला की लांबत होता. त्याने नखाने उकरलं आणि नखाला काहीतरी चिकटून आलं. उजेडात धरलं. दोरा होता. बोटाच्या पेराएवढा दोऱ्याचा तुकडा, त्यावर वाळलेल्या सफेद्याची, जॉइंटवर थापायच्या पांढऱ्या लेपाची, खपली. त्याने तो अंगठ्यावर घासला. खपली गेली आणि खालचा रंग दिसला. हिरवा, आणि त्याला पिळलेली एक लाल पट्टी.

कारखान्यात वाफेच्या पाइपाचा जॉइंट करायचा तर आट्यांवर सूत गुंडाळायचं, वर सफेदा थापायचा आणि मग आवळायचं. वाफ पाझरत नाही, पाणी गळत नाही. हंगामाआधी चार महिने हेच काम. शेकडो जॉइंट, सुताच्या गुंड्याच्या गुंड्या. बाकीच्यांचं सूत स्टोअरमधलं, पांढरं. हरिदासाचं रंगीत. विठाबाईचं माहेर इथलं, सोलापुरातलं. मागावर उरलेलं चादरीचं सूत ती पिशवीभर घेऊन यायची आणि दुपारी पाय पसरून बसून, मांडीवर तीन पदरी वळून त्याला गुंड्या करून द्यायची. वाती वळायच्या तशाच. 'अवं, तुमच्या कारखान्याची वाफ माज्या मांडीवर अडकलीया,' असं म्हणायची. हिरव्यात लाल तिला आवडायचं. स्टोअरकीपर चेष्टा करायचा, हरिदासचा जॉइंट लांबून ओळखू येतो.

आता तो लांबून नाही, चार बोटांवरून ओळखत होता. अपघातापूर्वीच्या सप्टेंबरात, हंगामाच्या आधी, कॉलनीतल्या क्वार्टरपुढे त्याने स्वतः गाडीच्या दोन्ही आर्मचे बुश बदलले होते. गॅरेजवाल्याला काय कळतंय, म्हणून. आणि बोल्ट बसवताना हाताने सवयीने, डोक्याला न विचारता, आट्यांवर सूत गुंडाळलं होतं, सफेदा थापला होता आणि नट आवळला होता. घट्ट बसला होता नट. हाताला किती घट्ट लागला होता, हे त्याला आत्ता, गाडीखाली पडल्या पडल्या, लख्ख आठवलं. पण तो घट्टपणा सुताचा होता, लोखंडाचा नव्हता. पाइप जागेवर उभा असतो. चाक हलतं, खड्डे खातं. सूत दबतं, कुजतं, नट मोकळा होतो, मग एक दिवस बोल्ट सरकत सरकत बाहेर येतो, आर्म सुटतो आणि चाक आत जातं. आपोआप. डावीकडे तसं झालं. उजवीकडे त्याच सुतात पाणी मुरून गंज आधी चढला, आणि गंजाने नट धरून ठेवला, एवढाच काय तो फरक. हे सगळं समजायला त्याला अर्धा मिनिटही लागलं नाही, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. इतक्या लवकर समजतं ते माणसाला आधीपासून ठाऊक असतं.

कारण अकलूजच्या त्या गॅरेजातला अमृत मिस्त्री त्याला तेव्हाच म्हणाला होता. गाडी वर घेतलेली, अमृतचं बोट डाव्या बाजूच्या रिकाम्या भोकात. "फिटरसाहेब, बोल्ट तुटला असता तर अर्धा आत गावला असता. हितं तर भोक मोकळं हाय. नुसता निघून गेलाय." आणि हरिदास म्हणाला होता, "धडकंत पडला आसंल कुटं तरी. तू नवा टाक." अमृत त्याच्याकडे बघत राहिला होता. मग त्याने विचारलं, उजवीकडचाही बघू का? नको म्हणाला होता तो. नको, ती बाजू चांगली आहे. घरी आल्यावर नऊ वर्षांत त्याने बॅटरी बदलली, टायर बदलले, ताडपत्री दोनदा बदलली, पण उजव्या बाजूला खाली वाकून बघितलं नाही. बघायचं राहून गेलं, असं तो आजवर समजत होता. पाठीखालचं पोतं घामाने भिजलं होतं. त्याने डोळे मिटले. विठाबाई मांडीवर सूत वळत होती, बोटांना थुंकी लावून, आणि त्याच बोटांनी वळलेलं सूत तिच्याच बाजूच्या चाकात त्याने गुंडाळलं होतं. त्याला ओरडावंसं वाटलं. पण अंगणात ओरडलं तर शिवप्पाचं डोकं पुन्हा वर येईल, म्हणून तो ओठ घट्ट मिटून पडून राहिला.

बोल्ट त्याने ठोकून बाहेर काढला आणि तो हातात घेऊन पायरीवर बसला. बाजूला नव्या बोल्टांची पुडी. नवे बसवायला अर्धा तास पुरे. लगदा ब्रशने घासून टाकायचा, जुना बोल्ट नाल्यात. मग हात धुवायचे, किल्ली द्यायची, ठरवलेलं वाक्य बोलायचं. जे झालं ते झालं, आता चालव. पोरगा रडेल, हलका होईल, कदाचित खरोखर चालवायलाही लागेल. सगळ्यांचं भलंच होईल त्यात. इतकं भलं होत असताना खरं कशाला मधे आणायचं? हा विचार इतका सोयीचा होता की तो आपलाच आहे हे हरिदासाने ताबडतोब ओळखलं. त्याने पुडी उचलली. पुन्हा ठेवली. बोल्टाच्या आट्यांत दोऱ्याचे दोन वेढे अजून चिकटून होते, आणि ते नखाने काढायला त्याचा हात होईना. तिच्या हातचं घरात आता दुसरं काही उरलं नव्हतं. लुगडी तिच्या बहिणींनी नेली. धपाट्यांचा तो स्टीलचा डबा फडताळात होता, रिकामा.

फाटक वाजलं. युवराज एसटी लवकर मिळाली म्हणून लवकर आला होता. पस्तिशीतच कानाजवळचे केस पांढरे, हातात त्याच्या मुलीने, संस्कृतीने, काढलेल्या चित्राची गुंडाळी. आल्याबरोबर त्याची नजर ठोकळ्यांवरच्या गाडीवर गेली आणि लगेच बाजूला झाली. नेहमी व्हायची तशी.

"संस्कृतीनं दिलंय, तुमास्नी," तो चित्र पुढे करत म्हणाला. "तुमी जेवला न्हाय का आजून?"

"बस हितं."

"पाणी पिऊन येतो की."

"आदी बस."

युवराज पायरीच्या कडेवर बसला. हरिदासाने ठरवलेलं एकही वाक्य त्याला आठवेना. त्याने बोल्ट मुलाच्या तळहातावर ठेवला.

"ह्यो उजवीकडचा. आत्ता काढला. आट्यात बघ काय हाय."

युवराजने बोल्ट उन्हात फिरवला. "सूत हाय."

"रंग बघ."

तो बघत राहिला. आईच्या गुंड्या त्यानेही लहानपणी उलगडल्या होत्या, पतंगाला बांधल्या होत्या. त्याच्या कपाळावरचा जुना व्रण जरासा ताणला गेला.

"डावीकडं बी असंच केलं हुतं मी," हरिदास म्हणाला. "त्यानं नट सुटला. बोल्ट निघून गेला. मिस्त्रीनं मला तवाच सांगितलं हुतं, मी ऐकून घेतलं न्हाय. तू झोपला न्हवतास युवराज. तू जागा हुतास. तुजी आई माज्या हातानं गेली."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आता हा उठेल, बोल्ट फेकेल, अंगावर येईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. युवराज जागचा हलला नाही. तो समजुतीच्या सुरात बोलला, थकलेल्या म्हाताऱ्याशी बोलावं तसा.

"न्हाय आबा. तुमी उगं सवताला लावून घेऊ नका. झोप लागली हुती मला."

"कोण म्हणतंय?"

"मला आठवतंय की. सगळं आठवतंय. ऊन तोंडावर येत हुतं. आईच्या मांडीवर धपाट्यांचा डबा हुता. तिनं झाकण काडलं, ठेच्याचा वास सुटला गाडीत, आन म्हणाली, खातूस का रं एक. मी न्हाय म्हणालो. आन मग डोळा लागला. रोज दिसतंय मला त्ये. रोज."

हरिदासाला त्या दिवशीच्या दह्याची आंबट चव जिभेवर आली. डब्याचं तेवढं त्याला न सांगता सोडून देता आलं असतं. मुलाच्या रोजच्या दिसण्यात त्याची आई निदान डबा घेऊन बसलेली होती, त्याला खातोस का म्हणून विचारत होती. तेही काढून घ्यायचं? पण एकदा खरं बोलायला तोंड उघडलं की अर्ध्यात मिटता येत नाही, आणि मिटलं तर पुन्हा कधी उघडणार नाही, हे त्याला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. तो उठून आत गेला. फडताळातून डबा काढला, बाहेर येऊन युवराजच्या पुढ्यात ठेवला.

"डबा घरीच राह्यला हुता, बाळा. ओट्यावर. तुमी गेल्यावर मी त्यातली धपाटी खाल्ली. खात असतानाच निरोप आला."

युवराजने डब्याकडे पाहिलं. मग बोल्टाकडे. मग पुन्हा डब्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुटका नव्हती. वाट चुकलेला माणूस ओळखीच्या खुणा शोधतो तसा तो डब्याच्या झाकणावरचं आईचं कोरलेलं नाव बोटाने चाचपत राहिला.

"मग मी नऊ वर्सं काय आठवत बसलोय, आबा?"

हरिदासाने त्याच्या पाठीवर ठेवायला हात उचलला, डाव्या खांद्याच्या जरा खाली, पण हात गंजाने आणि डिझेलने बरबटलेला होता, आणि तो तसाच परत मांडीवर आला. युवराज उठला. गाडीपाशी गेला, पुढचं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या जागी बसला. ठोकळ्यांवरची गाडी जराशी करकरली. हरिदासाने घाईने जाऊन बॉनेटवर दोन्ही हात टेकले, गाडी घसरू नये म्हणून. काचेतून मुलाचं तोंड दिसत होतं. त्याने दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले होते, आणि एसटीतसुद्धा डोळे ताठ ठेवून बसणाऱ्या त्या माणसाने डोळे गच्च मिटून घेतले होते. ओठ हलत होते. तो मनातल्या मनात त्या रस्त्यावर पुन्हा निघाला होता, डब्याशिवाय. हरिदास बॉनेटवर भार देऊन उभा राहिला, पोरगा माळशिरसपर्यंत पोचायची वाट बघत.